तीन वेळा बघितलेली गाडी

ताई गेली त्याला चार महिने होत आले होते. या चार महिन्यांत तिच्या नवऱ्याशी दोन शब्द बोलणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. पोटची मुलगीसुद्धा बापाशी बोलत नव्हती. ती दर रविवारी यायची, आठवड्याचे डबे फ्रिजमध्ये रचायची, चादरी बदलायची, गोळ्या वारांप्रमाणे खणांच्या डबीत भरायची आणि बापाकडे न बघता निघून जायची. बापानं तिच्या आईला गाडीखाली घातलं होतं. मुद्दाम नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण कळून काय उपयोग, आई तर गेलीच होती.

हा धाकटा भाऊ गाड्या दुरुस्त करायचा. मिस्त्री म्हटलं की काळी नखं, काळे कपडे आणि कानामागे खाजवलेल्याचा काळा डाग असं चित्र डोळ्यांपुढे येतं. या मिस्त्रीचं तसं नव्हतं, आणि तसं नाही हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगायचा. त्याच्या गॅरेजच्या फरशीवर बसून माणूस जेवला असता. पाने, पक्कड, हातोड्या भिंतीवर मापानुसार टांगलेल्या, आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्याच आकाराची रंगानं काढलेली रेघ, म्हणजे एखादी वस्तू जागेवर नसली तर भिंतच चुगली करणार. लोकांनी त्याचं नाव 'चकाचक' पाडलं होतं. तो वरवर चिडायचा, आतून खूष असायचा.

त्याचा एक नियम होता, वडिलांकडून आलेला. गाडी दारात आली की आधी चारही दरवाजे उघडायचे, आतल्या मॅट बाहेर काढायच्या, धुऊन मागच्या भिंतीवर वाळत टाकायच्या, आत झाडून पुसून घ्यायचं, आणि मग गिऱ्हाइकाला विचारायचं, "हं, बोला, काय होतंय?" घाणीत दोष दिसत नाही, असं वडील म्हणायचे. दातदुखीनं कळवळणाऱ्या माणसाला आधी अंघोळ घालण्यातला हा प्रकार. पण गिऱ्हाइकांना सवय झाली होती. गाडी परत मिळायची तेव्हा नव्यासारखी दिसायची, आणि दिसण्यावर माणूस निम्मा खूष होतो.

दुसरी त्याची हौस म्हणजे मॅट. कुठला तरी कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं जाड काळ्या रबराचा एक मोठा गुंडाळा उचलला होता. प्रत्येक गाडीसाठी वर्तमानपत्रातून मापाचा नमुना कापून, त्या बेतानं तो रबर कापायचा, कडा घासायचा आणि कंपनीच्या मॅटवर आपली मॅट अंथरायचा. खालची मॅट कायम नवी राहते, असं त्याचं म्हणणं. कंपनीच्या मॅटला गाडीच्या तळाशी अडकवायला हूक असतो. याच्या मॅटला नव्हता. इतक्या जड रबराला हूक कशाला हवा? ती जागची हलणार थोडीच!

पहिली मॅट त्यानं ताईच्या गाडीसाठी कापली होती. ताईही त्याच्याच वळणाची, दाराशी तीन पायपुसणी ठेवणारी. गाडी नवऱ्याच्या नावावर असली तरी हुकूम तिचाच चालायचा. भाऊजी शिंपी. चाळीस वर्षं पायमशीन चालवलेला माणूस. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लचची गाडी झेपेना, म्हणून मेहुण्यानंच त्यांना एक जुनी, क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी शोधून दिली. मॅट बघून ताई म्हणाली, "बघा, भाऊ कसा असावा! तुम्ही मला चाळीस वर्षांत एक पायपुसणं तरी शिवलंत का?" भाऊजी हसले होते. ते फार बोलायचे नाहीत, बहुतेक वेळा दातांत टाचण्या धरलेल्या असायच्या.

गाडी घेऊन वर्ष होतं न होतं तोच ते पहिल्यांदा तक्रार घेऊन आले. "ॲक्सिलरेटरचं पेडल खाली गेलं की वर यायला कुरकुर करतं रे. एकदा तर राहिलंच खाली." मिस्त्रीनं नियमाप्रमाणे मॅट काढल्या, गाडी झाडली, मग पेडल दाबून बघितलं, शंभर वेळा बघितलं. तार बघितली, स्प्रिंग बघितली, इंजिनाकडचं झाकण उघडून तिथली झडप बघितली. मॅट भिंतीवर वाळत असताना गाडी रस्त्यावर फिरवून आणली. गाडी गाईसारखी गरीब. त्यानं तक्रारींच्या वहीत नेहमीचे शब्द लिहिले, 'बघितले. ठीक आहे.' मग वाळलेल्या मॅट आत अंथरल्या, ड्रायव्हरच्या पायाखालची हातानं पुढे सरकवून नीट चापून बसवली, आणि किल्ली भाऊजींच्या हातात दिली.

दोन महिन्यांत भाऊजी तीनदा आले, आणि तिन्ही वेळा असंच झालं. तिसऱ्या वेळी मिस्त्रीला गंमत वाटायला लागली. ताई शेजारीच उभी होती. "भाऊजी," तो म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही. तुम्हालाच गाडीची भीती बसलीय." ताईनं लगेच री ओढली, "ह्यांचा पाय मशीनवर राजा. गाडीत बसला की संशय घेतो." भाऊजींनी किल्ली घेतली. पुढे त्यांनी तक्रार केली नाही.

त्यांचं घर एका छोट्या पण चांगल्याच उभ्या चढावर होतं, आणि फाटक चढाच्या टोकाला. ताई खाली उतरून चालत वर जायची, फाटक उघडायची आणि मग भाऊजी गाडी वर घ्यायचे. चढ असा, की पेडल पार तळाला टेकवल्याशिवाय गाडी वर जायची नाही. त्या दुपारी फाटकाची कडी अडकली होती. ताई रस्त्याकडे पाठ करून कडीशी झटत होती. गाडी वर आली आणि थांबली नाही.

ताई दोन दिवस दवाखान्यात होती. त्या दोन दिवसांत भाऊजी भेटेल त्याला एकच सांगत होते. "मी ब्रेकच दाबला. पहिल्यांदा दाबला तेव्हा थोडा आत गेला. दुसऱ्यांदा दाबला तर दगड. अगदी दगड झाला होता ब्रेक." आवाज मोठा नाही, रडणं नाही, हातानं हवेत पाय दाबल्याची खूण करायचे. ऐकणारे एकमेकांकडे बघायचे.

चौकशीला अधिकारी यायचा होता. त्याच्या आधी गाडी ओढून गॅरेजात आणली गेली. मिस्त्रीनं ती स्वतः धुतली. आत काचांचा चुरा होता, ताईची पिशवी होती, पिशवीतली फुटलेली बाटली होती. बहिणीची गाडी अशा अवस्थेत परक्या माणसाला कशी दाखवायची? त्यानं मॅट काढल्या, धुतल्या, गुंडाळून फळीवर ठेवल्या. अधिकारी आला, पेडल दाबून बघितलं, तार बघितली, ब्रेक तपासला, आणि दोष काही नाही म्हणाला. वर मिस्त्रीकडे वळून विचारलं, "तुम्ही घरचे आणि जाणकारही. तुम्हाला काय वाटतं?"

"वय झालंय," मिस्त्री म्हणाला. "पाय चुकला असणार."

त्याला ते मनापासून वाटत होतं आणि बोलताना त्याला भाऊजींची दयाही येत होती. त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर त्यानं भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊजी, मान्य करून टाका. होतं असं माणसाकडून. धरून बसलात तर त्रास तुम्हालाच." भाऊजींनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग ते उठून आत, ताईच्या खोलीत गेले. त्यानंतर त्यांच्या तोंडून ब्रेकचा 'ब्र' कोणी ऐकला नाही. लायसन्स त्यांनी स्वतःहून जमा केलं, 'चुकून दुसरे पेडल दाबले' या ओळीखाली सही केली, आणि वय बघून प्रकरण तिथंच मिटलं. मशीनवर त्यांनी चादर टाकली ती टाकलीच.

भाचीनं मात्र मामाला धरून ठेवलं. मामानं लग्न केलेलं नव्हतं, त्याला मूल म्हणून काय ती हीच. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका चष्म्याच्या दुकानात नजर तपासायच्या कामाला होती. रोज दुपारी फोन करायची. "मामा, जेवलास का? खरं सांग." आणि कधी रडू आवरेनासं झालं की म्हणायची, "तू आहेस म्हणून मी उभी आहे रे." हे ऐकलं की मिस्त्रीला दिवसभर पुरायचं.

तर असे चार महिने गेले, आणि एका बुधवारी सकाळी एक नर्सबाई गाडी घेऊन आल्या. गाडी भाऊजींच्यासारखीच, ऑटोमॅटिक. मिस्त्रीनं सवयीनं दरवाजे उघडायला हात घातला तशा त्या म्हणाल्या, "ते झाडणं-बिडणं आज नको हो. अर्ध्या तासात माझी ड्युटी सुरू होते. बसा तुम्ही, मी शेजारी बसते, एक चक्कर मारून बघा. पेडल अडकतंय."

"आधी आतून साफ—"

"माझ्या पेशंटला असं सांगू का मी? आधी वॉर्ड पुसते, मग सुई टोचते? बसा!"

मिस्त्री नाखुषीनं बसला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तो न झाडलेल्या गाडीत, दुसऱ्याची धूळ पायाखाली घेऊन बसला होता. गॅरेजच्या मागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक चढाचा रस्ता आहे, तिथं फारसं कोणी नसतं. चढावर त्यानं पेडल तळाला टेकवलं. गाडी वर धावली. माथ्याशी आल्यावर त्यानं पाय उचलला आणि गाडी तशीच धावत राहिली.

त्याचा पाय ब्रेकवर गेला. ब्रेक थोडा आत गेला, गाडी किंचित दबली, इंजिन ओरडायला लागलं. त्यानं पाय उचलून पुन्हा दाबला, आणि ब्रेक दगड झाला होता. त्यानं दोन्ही पायांनी दाबला, सीटला पाठ लावून, दात खाऊन दाबला. भिंतीला लाथ मारावी तसं वाटलं. नर्सबाईंनी किंचाळून डॅशबोर्ड धरला. शेवटी कुठून तरी त्याचा हात गिअरवर गेला, गाडी न्यूट्रलला आली, मग त्यानं किल्ली फिरवली. टाकीच्या कुंपणापासून चारेक हातांवर गाडी थांबली. 

त्यानं खाली वाकून बघितलं. त्याचीच मॅट, त्याच्याच हातानं घासलेल्या कडेची, पुढे सरकून वर चढली होती आणि पेडलची खालची कड त्या जाड रबराखाली अडकून बसली होती. पाय आडवा घातल्याशिवाय ती सुटत नव्हती. ब्रेक का दगड होतो हेही त्याला तिथंच, वाकलेल्या अवस्थेत, आठवलं. ते त्याला नवीन नव्हतंच मुळी. इंजिन पूर्ण जोरात असलं की ब्रेकला मदत करणारी हवेची ओढ पहिल्या दाबातच संपते. हे तो शिकाऊ असताना शिकला होता. चार महिन्यांपूर्वी एक म्हातारा माणूस अगदी हेच, शब्द न् शब्द, सांगत होता, आणि तेव्हा ते त्याला आठवलं नव्हतं.

"काय झालं होतं?" नर्सबाईंनी विचारलं. 

"मॅट. काढून टाकतो. पुन्हा टाकू नका."

"पण ती तुम्हीच दिली होतीत ना?"

"हो," तो म्हणाला. "मीच."

त्यांना दवाखान्यात सोडून तो गॅरेजात आला आणि सरळ मागच्या अंगणात गेला. ताईची गाडी तिथं ताडपत्रीखाली उभी होती. भंगारात द्यायला त्याचं मन होत नव्हतं. फळीवरची मॅट त्यानं आणली. उजेडात धरली तेव्हा दिसलं, पुढच्या कडेला अर्धगोल वळ पडला होता, पेडलच्या रुंदीचा. एक नव्हे, एकावर एक बरेच वळ. हीच मॅट त्यानं तीनदा धुतली होती, ब्रश मारून धुतली होती. आणि चौथ्यांदा अपघातानंतर. धुताना माणसाला घाण दिसते, बाकी काही दिसत नाही. त्यानं मॅट गाडीत टाकली, हातानं पुढे चापली, तो नेहमी चापायचा तशीच, आणि पेडल तळाला टेकवलं. पेडल वर आलं नाही. त्यानं ते सोडवलं आणि पुन्हा दाबलं. सात वेळा दाबलं, त्यात पाच वेळा अडकलं. तिथंच स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो रडला. भाऊजींसाठी की ताईसाठी हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, जेवलास?" तो हो म्हणाला. जेवला नव्हता.

त्यानं एक काम ताबडतोब केलं, तेवढं त्याच्या बाजूनं बोलायला हवं. वही काढून बसला आणि ज्यांना ज्यांना मॅट दिली त्या एकतीसही जणांना फोन केले. "रबर खराब निघालंय, आजच काढून टाका, त्याच्यावर गाडी चालवू नका." खरं कारण सांगायला जीभ रेटेना. बहुतेकांनी बरं म्हटलं. दोघं मात्र म्हणाले, "अरे वा, म्हणजे ते पेडल अडकायचं त्याच्यामुळेच की काय? पण तुम्ही गाडी बघितली होतीत ना, म्हणून आम्ही पुढे काही बोललो नाही." फोन ठेवल्यावर मिस्त्रीनं वहीत त्या दोघांची नावं शोधली; दोन्हींपुढे 'बघितले. ठीक आहे.' असंच लिहिलेलं होतं.

परक्यांना अर्धं खरं सांगून झालं. घरच्यांना पूर्ण सांगायचं होतं, आणि तिथं घोडं अडलं. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. त्यानं स्वतःला नाना तऱ्हांनी समजावलं. ताई काही परत येणार नाही. भाऊजी आता शांत झालेत, कशाला खपली काढायची? आणि खरं कारण बाजूला उभं राहून त्याच्याकडे बघत होतं : हे कळल्यावर भाचीचा दुपारचा फोन बंद होणार होता. बापाला त्याची मुलगी परत द्यायची, तर ती मामाच्या पदरातून काढून द्यावी लागणार होती. आधी बापाकडून ती कोणी काढून घेतली होती, हा हिशोब करण्याइतका तो अजून धीट झाला नव्हता.

शनिवारी तो भाऊजींकडे गेला. दार लोटलेलंच होतं. भाऊजी खुर्चीवर बसले होते, उजवा पाय उचलून जमिनीच्या एका फरशीवर ठेवत होते, मग शेजारच्या फरशीवर. ओठ हलत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं. "ब्रेक. हा दुसरा. ब्रेक. हा दुसरा."

"काय करताय भाऊजी?"

"बघतोय, चुकतो का." त्यांनी वर पाहिलं नाही. "रोज शंभरदा करतो. एकदाही चुकत नाही. मग त्याच दिवशी कसा चुकला असेल रे?" मग पाय खाली टेकवून ते म्हणाले, "कधी कधी वाटतं, हा पाय तोडून टाकावा. रात्री पांघरुणात माझ्या शेजारी असतो ना, नकोसा होतो."

मिस्त्रीला तिथं बसवेना. चहा न घेता तो उठला. पण उंबऱ्यातून बाहेर पडताना त्याचं ठरलं होतं.

रविवारी भाची आली तेव्हा तो आधीच येऊन बसला होता. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली. "अरे, तू इथं? बरं झालं, तुझाही डबा आणलाय." बाप खिडकीजवळच्या खुर्चीत होता, त्याच्याकडे तिची नजर गेली नाही. ती गोळ्यांची डबी उघडायला लागली.

"ते राहू दे," मिस्त्री म्हणाला. "खाली बस. मला दोघांना काही सांगायचंय."

त्यानं सांगितलं. मधे थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. नर्सबाईंची गाडी, टाकीचा रस्ता, दगड झालेला ब्रेक, मॅटवरचे वळ. तीनही वेळा मॅट बाहेर काढून मगच गाडी बघितली, म्हणून काही सापडलं नाही, आणि तीनही वेळा आपल्याच हातानं ती परत चापून बसवली. अधिकारी यायच्या आधीही काढून ठेवली. "भाऊजींचा पाय चुकला नव्हता," तो शेवटी म्हणाला. "चुकलो तो मी. पाय चुकला असणार, असं सगळ्यांना सांगितलं तेही मीच."

भाचीच्या हातातली डबी तशीच होती. तिनं ती फार हळू टेबलावर ठेवली.

"म्हणजे मी ब्रेकच दाबला होता?" भाऊजींनी विचारलं.

"हो भाऊजी."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल, राग दिसेल, असं काहीतरी मिस्त्रीनं गेले चार दिवस मनाशी धरलं होतं. शिव्या खायची त्याची तयारी होती. भाऊजींचा चेहरा मात्र हळूहळू पांढरा पडत गेला. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

"मग मी तिच्याशी खोटं बोललो," ते म्हणाले.

"कोणाशी?" मुलीनं विचारलं. चार महिन्यांत बापाला विचारलेला हा तिचा पहिला प्रश्न.

"तुझ्या आईशी. दुसऱ्या संध्याकाळी तिला शुद्ध आली होती, थोडा वेळ. तुम्ही दोघं बाहेर होतात. माझा हात धरला तिनं. म्हणाली, 'तुम्ही ब्रेक दाबला होतात ना? एवढंच सांगा.'" त्यांची नजर त्या हातावरच होती. "मी आत जाण्याच्या आधीच ह्यानं मला बाकावर सांगितलं होतं, मान्य करून टाका. मला वाटलं, हा गाड्यांमधला माणूस, हा सांगतोय तर तसंच असेल. आणि तिच्याशी शेवटचं खोटं कसं बोलायचं? म्हणून मी तिला म्हटलं, नाही गं. माझा पाय चुकला."

"मग?" मुलीनं विचारलं. "आई काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. माझ्याकडे बघत राहिली." त्यांनी उजवा हात उताणा करून मांडीवर ठेवला. "मग तिनं हात काढून घेतला. मी धरायला गेलो तर तिनं तो पांघरुणाच्या आत नेला. तासाभरानं गेली."

 मिस्त्रीनं जमिनीकडे पाहिलं. बहिणीचा जीव आपल्या हातून गेला, एवढं ओझं उचलायची त्यानं तयारी केली होती. ती जाताना तिच्या हातून नवऱ्याचा हातही आपणच सोडवला, हे त्याला आज, या क्षणी कळत होतं. आता ती नव्हती आणि तिला हे कोणीही सांगू शकणार नव्हतं.

भाऊजींच्या तोंडून एक आवाज निघाला आणि मग ते लहान मुलासारखे हमसून रडायला लागले. मुलगी उठली, बापाच्या खुर्चीपाशी फरशीवर बसली. मांडीवर उताणा पडलेला तो हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. "बाबा," ती म्हणत होती, "बाबा, मी बोलले नाही हो तुमच्याशी." 

मिस्त्री उभाच होता. पुढे व्हावं, भाऊजींच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं, आणि त्यानं एक पाऊल टाकलंही. भाचीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. ती थकलेली होती आणि फार दुरून बघावं तशी त्याच्याकडे बघत होती.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही निघा आता."

बोबडं बोलायला लागली तेव्हापासून तिनं मामाला अरे-तुरेच केलं होतं. चारचौघांत आईनं डोळे वटारले तरी तिनं ते सोडलं नव्हतं, आणि त्यालाही ते कधी सोडू द्यायचं नव्हतं. 'हो' एवढंच म्हणून त्यानं दाराशी जाऊन चपला पायात घातल्या. ओट्यावरच्या पिशवीत त्याच्यासाठी आणलेला डबा होता, तो घ्यावा की नाही हे त्याला कळेना. मग तो तसाच ठेवून, बाहेर पडून त्यानं दार हळूच ओढून घेतलं.